एका हातानं उघडणारी सुरी

माझी मैत्रीण शुभदा देवपुजारी हिचा दात तुटला, तिथून हे सगळं सुरू झालं. सुपारीनं नाही, चिक्कीनं नाही. खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी दातानं ओढायला गेली आणि वरचा एक दात अर्धा हातात आला. डेंटिस्टनं तिला खुर्चीत आडवी केली आणि बजावलं, की दात जेवायला दिलेत, खोकी फोडायला नाही. तोंडात मशीन असल्यामुळे शुभदाला उलट उत्तर देता आलं नाही. तिच्या आयुष्यात असे प्रसंग फार आलेले नाहीत.

दात कशाला वापरायचे, तर तिच्या डाव्या हातामुळे. जन्माच्या वेळीच खांद्याची नस ओढली गेली. हात आहे, पण त्याला पकड नाही. एखादी वस्तू टेबलावर दाबून धरण्यापुरता तो कामाचा, बाकी बाहीत पाहुण्यासारखा राहतो. एवढ्यावर ती नागपुरात इंजिनियर झाली, कॅनडात रेजिनाला आली आणि इथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅब स्टोअर्समध्ये कित्येक वर्षं काम करते आहे. कॉन्डोत एकटी राहते. लग्न केलं नाही. "बघायला येणारे हाताकडेच बघायचे, मग मीही त्यांच्याकडे नाही बघितलं," एवढंच तिचं त्यावर म्हणणं असतं, आणि तेही ती हसत सांगते.

स्टोअर्समध्ये तिचं काम म्हणजे आलेली खोकी उघडायची, आतला माल तपासायचा, लॅबमध्ये पाठवायचा. आता गंमत अशी, की शुभदानं एखादं खोकं समोर ओढलं रे ओढलं, की आजूबाजूची माणसं धावत येतात. "थांब थांब, मी करतो!" माणसं चांगलीच असतात. पण दिवसातून इतक्यांदा चांगुलपणा सोसायचा म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल. म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची आणि पटकन दातानं उरकून टाकायची. तिथे कटर नव्हते का? होते. दोरीनं काउंटरला बांधलेले, आणि इतके जाम झालेले, की एका हातानं धरून दुसऱ्यानं खटका ओढावा लागे. त्या जातीवर तिनं केव्हाच फुली मारली होती.

दात बसवून झाल्यावर ती आमच्या घरी आली आणि चहा पिता पिता जाहीर केलं, "मृणालिनी, मी खिशात ठेवायची सुरी घेऊन राहिली आहे. रोजच्यासाठी. मला कोणाला हाक मारायची नाही आणि दातही लावायचा नाही."

माझा नवरा यशोधन तिथेच फोनमध्ये तोंड घालून बसला होता. शुभदानं टेबलावरचं बॉलपेन उचललं आणि आम्हाला दाखवलं. "अशी सुरी असते. अंगठा पुढे ढकलला, की पातं समोरून बाहेर. अंगठा मागे घेतला, की आत. आत स्प्रिंग असते. दुसऱ्या हाताचा संबंधच नाही! ज्यानं ही बनवली ना, तो माझ्या ओळखीचाच असला पाहिजे." तिनं टिक्-टिक्, टिक्-टिक् करून ते पेन इतक्यांदा उघडलं-मिटवलं की शेवटी मी काढून घेतलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी शहराबाहेरच्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. भिंतीवर हरणांची डोकी, आणि त्यांच्याखाली पार्काचे जाडजूड कोट घातलेल्या आम्ही दोन बायका. काउंटरवरच्या दाढीवाल्यानं शुभदाचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सॉरी मॅम. दॅट वन इज प्रोहिबिटेड." बटणानं, स्प्रिंगनं किंवा नुसत्या मनगटाच्या झटक्यानं उघडणारी सुरी कॅनडात चालत नाही. विकायची नाही, बाळगायची नाही, सीमेपलीकडून आणायची नाही. शुभदाचा चेहरा पडला. मला त्या दाढीवाल्याचाच राग आला, जसा काही कायदा त्यानंच केला होता.

मग त्यानं घडीच्या सुऱ्या दाखवायला काढल्या आणि पहिली सुरी, मूठ पुढे करून, तिच्यासमोर धरली. शुभदा घेईना. तो धरून उभा, ती बघत उभी. "इट्स क्लोज्ड, मॅम," तो म्हणाला. त्याला वाटलं बाई घाबरल्या. शुभदानं काचेवर बोट आपटलं. "पुट इट डाउन, प्लीज." शेवटी मलाच सांगावं लागलं, की आमच्यात सुरी हातात देत नाहीत, देणाऱ्याघेणाऱ्याचं भांडण होतं. त्यावर तो बिचारा प्रत्येक सुरी दोन्ही हातांनी काचेवर अशी ठेवू लागला, जसं काही आम्ही देव बसवतोय.

घडीच्या सुऱ्या उघडायला तिला काहीच अडचण नव्हती, अंगठा पुरत होता. अडचण मिटवायची. एका बोटानं आतली पट्टी दाबायची आणि त्याच वेळी पातं मांडीला टेकवून ढकलायचं. तिनं एकदा करून दाखवलं तेव्हा दाढीवाल्यानं डोळे मिटले. "रोज मांडी पणाला लावायची म्हणजे दातच बरे होते," म्हणत ती रिकाम्या हातानं बाहेर पडली.

इथे आमचा यशोधन कथेत येतो, आणि त्यानं न येणं जास्त बरं झालं असतं. त्यानं त्या दिवशी बॉलपेनचं प्रात्यक्षिक तेवढं पाहिलं होतं. दुकानात काय झालं ते मी जेवताना त्याला सांगितलं होतं, पण तेव्हा टीव्हीवर हॉकी चालू होती. पुढच्या महिन्यात लाँग वीकएंडला आम्ही दोघं सीमेपलीकडे अमेरिकेत मायनटला शॉपिंगला गेलो. रेजिनातली निम्मी माणसं जातात. तिथे त्यानं माझ्या नकळत तसलीच सुरी घेतली आणि मोज्यांच्या गठ्ठ्यात दडवली. माझ्यापासून का दडवली? तर माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे! सीमेवर ऑफिसरनं काय आणलंत विचारलं, तेव्हा ह्यानं चीज आणि मोजे सांगितलं, आणि मी शेजारी बसून पतिव्रतेसारखी मान डोलावली.

शुभदाच्या वाढदिवसाला तिच्या कॉन्डोवर जेवण होतं. यशोधननं खिशातून डबी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हातात देत नाही हं, भांडण नको." डबी उघडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शुभदानं सुरी उचलली होती. अंगठा पुढे. पातं बाहेर. अंगठा मागे. पातं आत.

मग ती घरभर फिरली. कुरियरचं पाकीट उघडलं, तांदळाची पिशवी उघडली, चिवड्याचं पाकीट, नव्या उशीचं कव्हर, हेअर ड्रायरचं प्लास्टिकचं आवरण. ते आवरण तसंच कपाटात पडून होतं, कारण ते दातालाही दाद देत नव्हतं. मी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. मग ती परत टेबलाशी आली, सुरी मिटवून डबीत ठेवली आणि म्हणाली, "यशोधन, ही पोलिसांना द्यावी लागेल."

यशोधननं "का?" विचारलं. मी त्याला सगळं पुन्हा ऐकवलं, या वेळी हॉकी नव्हती. पण खरं सांगायचं, तर शुभदाशी भांडले मीच. "अगं, घरात ठेव ना! किचनच्या ड्रॉवरमध्ये कोण बघायला येतंय? तुझ्यासारखीला नाही वापरायची तर कुणाला?"

"आणि स्टोअर्समध्ये काय करू? पुन्हा भिंतीकडे तोंड?" ती म्हणाली. "इतकी वर्षं दात लपवून वापरले, मृणालिनी. आता सुरीही लपवून वापरू? मला ती खिशात हवी आहे. सगळ्यांसमोर काढता आली पाहिजे."

मी उठले आणि भांडी घासायला घेतली, जरा जास्तच आवाज करत.

पोलिसांच्या इमर्जन्सीच्या नव्हे, साध्या नंबरवर तिनं स्वतः फोन केला. एक उंच, लाल केसांचा ऑफिसर आला. दारातच बूट काढून उभा राहिला, एका मोज्यातून अंगठा बाहेर. यशोधन वॉशरूममध्ये जाऊन बसला होता आणि आतून नळ सोडून ठेवला होता. "कुठून आली?" ऑफिसरनं विचारलं. "गिफ्ट," शुभदा म्हणाली. ऑफिसरनं नळाच्या आवाजाकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. कशाला हवी होती, हे मात्र विचारलं. शुभदानं सांगितलं. त्यानं डबी पिशवीत घातली, दोनदा सॉरी म्हणाला आणि म्हणाला, "ऑनेस्टली, इट वुड हॅव बीन परफेक्ट फॉर यू."

"आय नो," शुभदा म्हणाली. तो गेल्यावर तिनं दार लावलं. मला वाईट वाटत होतं, आणि वॉशरूमचा नळ अजून चालू होता याचा संतापही येत होता.

त्यानंतर काही दिवसांनी मला घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर हवा होता म्हणून आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी फिल्टर शोधून परत येते तर शुभदा कटरच्या रांगेसमोर उभी राहून एकटीच हसत होती. तिच्या हातात एक साधा, करड्या धातूचा कटर होता. अंगठ्यानं खटका पुढे सरकवला, पातं समोरून बाहेर आलं आणि जागेवर बसलं. मागे सरकवला, आत गेलं. लोण्यासारखं.

"अगं, समोरून येण्याशी कायद्याचं काही वाकडं नाहीच!" ती म्हणाली. "वाकडं आहे ते स्प्रिंगशी. मग स्प्रिंगचं काम माझा अंगठा करेल ना! मी इंजिनियर, आणि आमच्या स्टोअर्सचे गंजके कटर बघून आख्ख्या जातीला नावं ठेवून राहिली होती." शेजारून जाणाऱ्या माणसालाही तिनं तो उघडून-मिटवून दाखवला. पातं बदलायला मात्र दोन हात लागत होते. त्यावर तिनं घरी लाकडाच्या ठोकळ्याला कटरच्या मापाची खाच पाडली. ठोकळा डाव्या हातानं दाबायचा, उजव्यानं पातं बदलायचं. झालं. दुसऱ्या दिवसापासून तो कटर तिच्या कार्डिगनच्या उजव्या खिशात असतो, आणि ती त्याला सुरीच म्हणते.

ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळाची खंडेनवमी होती. कम्युनिटी हॉलमध्ये लाल कापडावर ज्यानं त्यानं आपलं हत्यार मांडलं. लॅपटॉप, स्टेथोस्कोप, ड्रिल, एकानं तर बर्फाचं फावडं. यंदा किचन कमिटीला उत्साहाचं भरतं आलं आणि त्यांनी हॉलमधली झाडून सगळी सुरी-कात्री पूजेला नेऊन ठेवली. हळदकुंकू झालं, फुलं वाहिली, आरती झाली. आमचे बापू एरवी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि सणाला भटजी होतात. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आज हत्यारांना विश्रांती. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मग सगळे जेवायला वळले, आणि पाहतात तर काय. केटररचे ट्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. प्लेट्सच्या खोक्याला पट्ट्या. ज्यूसचे क्रेट सीलबंद, श्रीखंडाच्या डब्यांना टेपचे वेढे. आख्खा हॉल भुकेला, आणि कापायला काही नाही! यशोधन गाडीची किल्ली घेऊन एका पट्टीवर तुटून पडला. पट्टी तशीच राहिली, किल्ली वाकली.

शुभदानं तिची सुरी पूजेला ठेवलीच नव्हती. ती गर्दीतून पुढे आली, डावा हात खोक्यावर आडवा दाबला, उजव्या हातानं खिशातून कटर काढला. अंगठा पुढे. पट्टी तट्कन तुटली. दुसरी तुटली. मग ट्रेवरचं प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी पुढे धावलं नाही. सगळा हॉल बघत होता.

आधी बापू आले. दोन्ही हातांत ज्यूसचा क्रेट. "शुभदाताई, हे जरा उघडून देता का?" त्यांच्यामागे यशोधन श्रीखंडाचा डबा घेऊन. त्याच्यामागे कुणी पापडाचं पाकीट, कुणी नॅपकिनचा गठ्ठा. सगळे धडधाकट दोन हातांचे, रांगेत उभे. दोन हातांच्या माणसानं शुभदाकडे काही उघडून मागावं, हे तिच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. तिचे कान लाल झाले होते. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसले नाहीत, कारण माझ्या हातात चिवड्याची पिशवी होती आणि रांगेत माझा नंबर जवळ आला होता.

"एकेक जण या," शुभदा ओरडली. "आणि ढकलाढकली करू नका, माझ्या हातात सुरी आहे!"