शिळफाट्याची यमुनाकाकी

मूल हातात घेतलं की यमुनाकाकी आधी त्याच्या पोटावर तळवा ठेवायची. आईकडे बघायचीसुद्धा नाही. माझ्या तनूला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी उशीर झाला म्हणून तिला अर्धवट दूध पाजून आणलं होतं. काकीने पोट चाचपलं आणि म्हणाली, "निम्मंच हाय. जा तू, मी बगते." मला काही बोलायचं होतं, तोवर दार लागलंही होतं. निरोप लांबवणं तिला आवडत नसे. "आयशीनं दारात उभं ऱ्हायलं का पोरगं दिसभर दाराकडंच बगतं," असं तिचं म्हणणं.

खोपोलीत शिळफाट्याच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. आम्हा कंपनीत जाणाऱ्या बायकांची पाच-सहा मुलं ती सांभाळायची. मी खालापूरच्या बाजूला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, माझा नवरा टेंपो चालवायचा. सासूबाई गावी, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी. खोपोलीत भिंतींवर ससे-हत्ती रंगवलेलं एक पाळणाघर होतं. पण तिथली फी भरली तर माझ्या पगारातलं हातात काही उरत नव्हतं, आणि ते माझी शिफ्ट सुटायच्या आधीच बंद व्हायचं. काकी मात्र ज्याला जमेल तेवढं घ्यायची आणि शेवटचं मूल जाईपर्यंत जेवायची नाही.

एकदा मशीन बंद पडल्यामुळे आम्हाला दुपारीच सोडलं. दार उघडंच होतं. काकी पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तनू रांगत तिच्यापाशी गेली आणि तिचा पदर धरून म्हणाली, "आई." घरी ती अजून हा शब्द बोललेली नव्हती. काकी वळली नाही. तनूने पुन्हा हाक मारली, मग रडायला लागली. तेव्हा काकीने तिला मांडीवर घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "आई नाय गं. आई कामाला गेलीय. मी काकी." मी चपला न काढता तिथेच उभी होते. वाईट वाटायला हवं होतं, किंवा बरं तरी. त्यातलं काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढं आठवतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकीने आम्हा सगळ्या आयांना संध्याकाळी थांबवून घेतलं. तिची मुलगी लता कळंबला एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिला मुलगी झाली होती, आता सुट्टी संपत आली होती आणि बाळाला बघायला कुणी नव्हतं. काकी तिच्याकडे निघाली होती. बाळाला इकडेच आणा, असं आमच्यातल्या एकीने सुचवलं. पण लताचं काम पहाटे सुरू व्हायचं. कळंबहून रोज खोपोलीला बाळ पोचवणं शक्यच नव्हतं. दुसरी म्हणाली, तुमचा मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, तो बहिणीला हातभार लावील.

 काकी खाली बघत म्हणाली, "मी भाताच्या गिरणीत जायची तवा लता साळंत व्हती. बारक्याला बगायला कुनी नाय, म्हनून मी तिचं दप्तर काढून घेतलं आन् भाऊ दिला कडंवर. तो शिकला. ती नाय शिकली. कंदी बोलली नाय ती मला. आता तिचं पोर मी नाय घेतलं, तर माज्याकडं बगंल का ती?"

 तिला चूक तरी कसं म्हणायचं? चहा झाला, आम्ही मुलं उचलली आणि आपापल्या घरी गेलो.

एकीने मुलाला माहेरी ठेवलं. दुसरीने रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे नवरा-बायको आळीपाळीने घरी राहतील. मी ओळखीत चौकशी केली, पाळणाघरात पुन्हा जाऊन आले. शेवटी नवरा म्हणाला की सगळा पगार तिकडेच जाणार असेल तर कामाला जाऊन उपयोग काय. भांडण नाही, काही नाही. मी कंपनीत सांगितलं. सुपरवायझरने कारणही विचारलं नाही. त्याला अशा बायकांची सवय होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी कळंबला गेले तेव्हा लताच्या खोलीवर गेले. काकी वाळली होती. बाळ झोळीत झोपलं होतं आणि ती एका हाताने दोरी ओढत होती. तिने तनूला जवळ बोलावलं. तनू माझ्यामागे लपली. ही काकी, तू हिच्याकडे असायचीस, असं मी सांगून पाहिलं. पण तनूला काहीच आठवत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाली. "पोरांनी इसरायचंच आसतं."

मग तिने माझ्या कामाचं विचारलं. सोडलं, म्हटलं. हिला आता मीच बघते. हे ऐकून सगळे 'बरं केलंस' म्हणतात. काकी म्हणाली नाही. दोरी ओढता ओढता तिने विचारलं, "करमतं का गं तुला?"

मी हो म्हटलं. तेवढ्यात बाळ जागं झालं आणि काकी त्याला घ्यायला उठली.