गिरणीच्या दारातले खिळे

६ मार्च. गहू दळायला पलूसच्या गिरणीवर गेले. हवाई दलातून निवृत्त होऊन गावी आल्यापासून नवरा घुम्यासारखा घरात बसतो; बोलणार कुणाशी?

गिरणीच्या दारात एक म्हातारे गृहस्थ वाकून खिळे-खडे वेचत होते.

"आवं दादा, भंगार इकताय व्हय?" गिरणीवाला हसला.

"सवय हाय गड्या. धावपट्टीवरचा खिळा इंजनानं वढला, तर वर गेलेलं पोरगं परत येत न्हाई."

आमच्या तळावर रोज सकाळी साहेबांसकट सगळे असेच रांगेनं खडे वेचायचे. शाळेत शिकवायला जाताना मी बघायचे.

"हवाई दलाचं कुठलं स्टेशन?" मी विचारलं. ते ताठ उभे राहिले. दळण होईपर्यंत गप्पा झाल्या. रोज सकाळी ते तिथंच असतात म्हणे.

७ मार्च. आज सकाळी, घरात डबाभर पीठ असताना, मी नवऱ्याच्या हातात ज्वारीची पिशवी दिली आणि त्याला गिरणीवर धाडलं.