सुट्टीचा अर्ज

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चार ओळी नीट लिहिता येतात म्हणून लोकांना काही सांगावं, एवढा माझा अधिकार नाही. सरकारी सुट्टीला दुकानं सक्तीनं बंद ठेवावीत का, या विषयावर मी यापूर्वी एकदाच लिहिलं आहे. तो एक पानी अर्ज होता. त्याचं पुढं काय झालं, तेवढंच सांगतो.

माझे वडील, आप्पा, बारामतीत कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचं काम करतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. सरकारी सुट्टीच्या दिवशी ते दुकान बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उलट सुट्टी म्हणजे गर्दी. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकलं की लोक पोराबाळांसकट दुकानात येत. साप्ताहिक सुट्टीला शटर खाली असे, पण आत नव्या मालाचे गठ्ठे फोडायला आप्पा अर्धा दिवस जातच.

याची झळ आत्याला लागली. आप्पांची आई ते लहान असतानाच गेली. थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. ती इंदापूरच्या पुढं एका खेड्यात राहायची. दिवाळीत दुकान सोडता येत नाही, त्यामुळं आप्पा भाऊबीजेला वेळेवर कधीच पोचले नाहीत. ओवाळणीचं ताट घेऊन आत्या म्हणायची, "आमची भाऊबीज तुळशीच्या लग्नाला येती. एखाद्या वर्साला शिमग्यालाबी यील." अलीकडं तिला दम्यानं धरलं होतं. हसतानाही धाप लागायची. आप्पांना तिच्याजवळ एक अख्खा दिवस बसायचं होतं, एवढंच.

वर्गात सरांनी कामगारांच्या भरपगारी सुट्ट्यांविषयी शिकवलं. मी त्याच संध्याकाळी दुकानातल्या सहाही नोकरांच्या वतीनं शेठना अर्ज लिहिला. ‘नियमानुसार’ हा शब्द त्यात पाच वेळा होता.

"शेठ वाईट माणूस न्हाय रं," आप्पा म्हणाले. "नड सांगितली की सोडतो. तोंडी भागतंय तवर कागद कशाला?"

"आप्पा, तो उपकार झाला. ह्यो हक्क हाय."

त्यांनी अर्ज मला एकदा मोठ्यानं वाचायला लावला. मग पहिली सही त्यांनीच केली.

शेठनी अर्ज दोनदा वाचला, अक्षर कुणाचं ते विचारलं, चांगलं आहे म्हणाले. चार दिवसांनी गल्ल्यामागच्या भिंतीवर कागद लागला. वर सुट्ट्यांची यादी: सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर आणि काही सण, त्यात भाऊबीजही होती. खाली लिहिलं होतं, इतर दिवशी रजा हवी असल्यास एक दिवस आधी लेखी अर्ज, आणि कामाच्या वेळेत मोबाईल खणात. "नियम म्हणलं की दोन्ही बाजूंनी आला," शेठ शांतपणे म्हणाले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी यादीचा फोटो काढून मित्रांना पाठवला.

एक मेला आम्ही दोघं आत्याकडं गेलो. दारात आप्पांना बघून ती म्हणाली, "आरं, दुकान जळालं का काय?"

"न्हाय गं आक्का. सुट्टी हाय."

"कुणी दिली?"

"ह्यानं," आप्पांनी माझ्याकडं बोट केलं.

जेवताना तिनं न विचारता माझ्या पानात तूप ओतलं. दुपारी आप्पा तिच्या बाजेशेजारी घोंगडीवर झोपले. त्यांना दुपारचं झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, कोऱ्हाळ्याचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आलं होतं आणि बंद शटर बघून परत गेलं. आप्पांना ते लागलं. "त्यांचीबी सुट्टी त्याच दिशी असती ना," ते म्हणाले. मी याचा विचारच केला नव्हता.

मग ऑगस्टमधला एक साधा मंगळवार. दुपारी आत्याच्या मुलाचा मला फोन आला. "मामा फोन उचलंनात. आईचा दमा लई वाढलाय, सकाळपासनं त्यांचं नाव काढतीय."

मी दुकानात पळत गेलो. शेठ माल घ्यायला पुण्याला गेले होते. आप्पांपुढं गिऱ्हाईक बसलं होतं, मांडीवर उलगडलेली साडी होती. मी सांगितलं तशी त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं.

"जा की, शेठला आमी सांगतू," शेजारचा नोकर म्हणाला.

"पैली सही माझी हाय," आप्पा म्हणाले. "मीच नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

माझ्या फोनवरून ते भाच्याशी बोलले. डॉक्टर येऊन गेला होता. "बोलतीय ती. उद्या सकाळी या मामा," तो म्हणाला. फोन ठेवून आप्पा मला म्हणाले, "उद्याचा अर्ज लिही."

मी गल्ल्यावर उभं राहून लिहिला. त्यांनी सही केली आणि साडीची घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना. पुन्हा मोडून घातली.

वर्षातले काही दिवस दुकानं सक्तीनं बंदच असावीत, असं मला आजही वाटतं. नाहीतर आप्पांसारख्या माणसाला स्वतःचा दिवस मिळणारच नाही. पण हक्क मागताना, त्यांना तोंडी मिळत होतं ते मी बदल्यात देऊन बसलो. ते द्यायला माझं नव्हतं. हे आप्पांशी मी अजून बोललेलो नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. इंदापूरला उतरून गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. आप्पा ड्रायव्हरला म्हणत होते, "चला की पाव्हणं, किती शिटं भरायची अजून?" तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्याचा मुलगा होता.

"कुठवर आलाय?"

"इंदापुरात."

"मामाला सांग, आता घाई करू नका. पहाटं गेली आई."