आडवी डहाळी

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पालीच्या बाजूला डोंगरपायथ्याच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पावसाळा सरला की तिथल्या किल्ल्यावर मुंबई-पुण्याची माणसं यायची. काही नुसती हौशी, काही खरोखर अभ्यासू.

एका सोमवारी सकाळी पायथ्याच्या खाणावळवाल्याचा फोन आला. "साहेब, किल्ल्यावर गेलेल्या पाच जणांतला एक काल खाली आलाच नाय. आणि त्याचा मोबाईल वाटाड्याकडं हाय. बघा काय ते."

बेपत्ता गृहस्थ इतिहासाचे शिक्षक होते. दगडांवरची चिन्हं वहीत उतरवून घेत ते नेहमी मागे राहत. वाटाड्या ठाकरवाडीतला, चाळिशीचा. मिसिंग दाखल करून मी त्याला चौकशीसाठी आणलं. शोधपथक किल्ल्याच्या रुळलेल्या वाटेनं वर पाठवलं.

"त्यांचा फोन तुझ्याकडे कसा?"

"कातळ उतरताना हात मोकले पायजेत म्हनून गुरुजींनीच दिला. मंग लिवीत मागं ऱ्हायले. मी डहाळी टाकली व्हती, तरी कुटं गेले ठाव न्हाय. खाली आल्यावर कललं, तवर दिस मावललेला. ह्या लोकांनी मला परत वर जाऊ दिला न्हाय. मला सोडा साहेब, मी हुडकून आनतो."

'सोडा' ऐकलं आणि माझा संशय पक्का झाला. सुटायची घाई असलेला माणूस काहीतरी लपवतो, हा माझा नोकरीभराचा ठोकताळा. तोच प्रश्न मी उलटसुलट करून विचारला, पैशाचं विचारलं, आवाज चढवला. तो शब्दही न बदलता तेच सांगत राहिला. मी मनात म्हटलं, गडी पाठ करून आलाय. दिवसभर त्याला बाकावर बसवून ठेवला, संध्याकाळी घरी सोडला आणि वाडी सोडायची नाही म्हणून दम दिला. शोधपथक रिकाम्या हातानं उतरलं.

मंगळवारी सकाळी त्याला पुन्हा बोलावलं. त्याआधी गटप्रमुखाचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. हा तरुण वाटाड्यावर सर्वांत जास्त चिडलेला होता. आपण किती जबाबदारीनं फिरतो ते तो पटवून देत होता.

"सर, आम्ही जाताना कचरासुद्धा उचलतो. परवा उतरताना वाटाडे पुढे दिसत होते. एका फाट्यावर हिरवी फांदी आडवी पडलेली. मागून आमचे शिक्षक येणार, त्यांचा पाय अडकेल म्हणून मीच ती दरीत फेकली."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. तो याच तालुक्यातला.

"साहेब, ती पडलेली नसते. पुढं जाणारा ठाकर चुकीच्या वाटेवर डहाळी आडवी टाकतो. मागच्यानं तिकडं जायचं नाय."

त्या तरुणाचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातला होता. वाट ठाऊक असलेला एकमेव माणूस मी ठाण्यात अडकवून ठेवला होता.

वाटाड्याला पुढे घालून आम्ही चढलो. फाट्यावरून खाली तुटलेल्या जुन्या पायऱ्या होत्या आणि त्यांच्या खालच्या घळीत गुरुजी सापडले. जिवंत होते. मोडलेला पाय मात्र काळानिळा पडला होता. तो कापावा लागला. एक दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी वाटाड्याची माफी मागितली. मग न राहवून विचारलं, "डहाळीचं नीट समजावून का नाही सांगितलंस?"

"त्यात समजवायचा काय साहेब? ती पोराटोरांना म्हाईत हाय. आन् तुमी फोनचं इचारलाव, पैशांचं इचारलाव. वाटंचं इचारलाच न्हाय."

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी एक शिस्त पाळली. समोरच्याला आधी त्याच्या पद्धतीनं सगळं बोलू द्यायचं, न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारायचा आणि मगच संशय घ्यायचा. गुरुजींना त्याचा काही उपयोग नव्हता.