तुमचा गणपती कुठे बसतो?

स्थलांतरावरच्या आमच्या अभ्यासगटात अर्थशास्त्राचे एक सर, भाषेच्या एक बाई, एक डॉक्टर आणि भूगोल शिकवणारा मी. पेणला बैठका व्हायच्या आणि दर वेळी गाडी एकाच प्रश्नावर अडायची. स्थलांतरित म्हणायचं कोणाला? अर्थशास्त्राचे सर म्हणत, कमाई कुठली ते बघा. बाई म्हणत, माणूस भांडतो कुठल्या बोलीत ते ऐका. डॉक्टर म्हणत, आजारी पडल्यावर तो कुठे जातो ते विचारा. मला सगळ्यांचंच पटायचं, त्यामुळे माझा गोंधळ वाढायचा. शेवटी मीच सुचवलं, आपल्याकडच्या माणसाला सरळ विचारू या की तुमचा गणपती कुठे बसतो. बसतो ते घर. तिथे राहत नसेल तर तो स्थलांतरित. सगळ्यांना आवडलं.

त्याच आठवड्यात आईला घेऊन पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात गेलो. मूर्ती करायला सांगताना घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायची आमची पद्धत आहे. मूर्ती त्याच पाटावरून घरी येते. आमचा पाट रोह्याजवळच्या गावातल्या घरचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घर बंद असतं, गणपतीपुरतं उघडतो. आई माझ्याकडे पेणमध्ये, रामवाडीच्या फ्लॅटमध्ये राहते. गुडघ्यासाठी आणलं, असं मी सगळ्यांना सांगतो. पण दर रविवारी रोह्याला जाण्याचा मला कंटाळा आला होता, हेही खरं आहे. यंदा गणपती फ्लॅटवरच आणावा असं मनात होतं. आईला विचारायचं मात्र धाडस होत नव्हतं.

कारखान्यातली बाई मूर्तीचे डोळे आखत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "मावशी, यंदा कुठं न्यायचा? रोह्याला असंल तर नीट बांधायला लागंल."

"याला इचार गो," आई म्हणाली. "याचा अभ्यासच हाय त्याचा. लोकांना इचारत फिरतो."

बाई हसली. "मग सांगा सर."

मी पेण म्हणणार होतो. तोंडातून रोहा निघालं.

परतताना हायवे लागला. आई म्हणाली, "तिथं झाडलोट कोण करील?"

"मी करीन."

"तुझ्या मनात नव्हतं. मग रोहा कशाला बोललास?"

"तुला तिथंच हवा असेल म्हणून."

"मला कुठं इचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. म्हणून तेव्हा विचारलं. "आता दिलास ना पाट," ती एवढंच म्हणाली.

गणपती रोह्यालाच बसला. गौरींबरोबर कुंडलिकेत विसर्जन केलं आणि रीतीप्रमाणे रिकाम्या पाटावर नदीची थोडी वाळू घेऊन आलो. आईने ती घरभर टाकली, चुलीपाशीही. निघताना पाट ठेवायला मी माळ्याला शिडी लावली.

"वर नको," आई म्हणाली. "गाडीत ठेव."

"म्हणजे पुढच्या वर्षी पेणला आणायचा?"

"तसं कुठं बोलले मी?"

"मग इथे राहायचंय का तुला?"

"तसं पण नाय."

तिने स्वतः कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली पिशवीत टाकून गाडीत बसली. ती रागावली होती की दमली होती, मला कळलं नाही.

पुढच्या बैठकीत मी म्हणालो, तो गणपतीचा प्रश्न काढून टाकू या. भाषेच्या बाईंनी विचारलं, "अहो, तुम्हीच तर सुचवला होता. आता काय बिघडलं त्यात?" डॉक्टर म्हणाले, राहू दे, लोक मोकळेपणाने उत्तरं देतायत. प्रश्न राहिला.

पाट अजून डिकीत आहे. वळणावर सरकतो तेव्हा आवाज होतो. शेजारी बसलेल्या आईलाही तो ऐकू येत असणार. वर फ्लॅटमध्ये न्यायचा का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.