बर्फापासून सुरू झालेलं पुस्तक

"नाही गं, फारशी बोलत नाही ती. काही सांगितलं की मान हलवते. अशी माणसं बरी असतात टीममध्ये."

पँट्रीत आमचे टीम लीड फोनवर बायकोशी माझ्याबद्दल बोलत होते. मी रिकामा मग घेऊन दाराबाहेर उभी होते. आत न जाता जागेवर परत आले.

नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टमधल्या या छोट्या कंपनीत आम्ही जुन्या जपानी चित्रपुस्तकांचे फोटो वेबसाइटवर लावत होतो. पूर्वी ही पुस्तकं समोर ठेवून लोक चित्रं काढायला शिकायचे. प्रत्येक पानावरचं फूल ओळखून त्याचा अर्थ लिहिणं हे माझं काम. चेरी म्हणजे लवकर सरणारं सुख. शेवंती म्हणजे दीर्घायुष्य. कॅमेलिया देठापासून अख्खं गळून पडतं, म्हणून आजारी माणसाला ते नेत नाहीत. सुरुवातीला हे सगळं आवडायचं. आता डोळे मिटले तरी पाकळ्याच दिसायच्या, आणि घरी जाताना दुकानाबाहेरच्या खऱ्या फुलांकडे बघावंसंही वाटायचं नाही.

पानं माझ्याकडे सुटी सुटी यायची. त्या दिवशी संध्याकाळी साइट सुरू होणार होती, म्हणून एक पुस्तक पहिल्यांदाच सलग पाहिलं. आधी बर्फ, बर्फाखाली कॅमेलिया. मग शेवंती, आयरिस, चेरी. अगदी शेवटी प्लमची उघडी फांदी, तिच्यावर चार कळ्या. ही पुस्तकं ऋतूंप्रमाणे पुढे जातात आणि प्लम सगळ्यांच्या आधी फुलतं. इथे वर्ष मागे चाललं होतं. दुसरं पुस्तक उघडलं, तेही तसंच.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आमच्या टीममध्ये मराठी काय, डच काय, सगळे डावीकडून वाचणारे. फोटो काढताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझे अर्थ पानांच्या नंबरांना जोडलेले होते; नंबर बदलले की ते सगळे भलत्याच फुलांखाली जाणार, म्हणजे मलाच पुन्हा लावावे लागणार. शिवाय माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही, हे टीम लीडच ठरवणार होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. म्हणजे, एखाद्या जपानी माणसाने साइट उघडेपर्यंत.

टीम लीड माझ्या टेबलापाशी थांबले. ऑफिसात आम्ही एकमेकांशी इंग्लिशमध्येच बोलायचो. सगळं तयार आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि मराठीत म्हटलं,

"दादा, सगळी पुस्तकं उलटी लागलीयेत. आज साइट सुरू करू नका."