लोअर आर्मचे बुश आणि दत्ताचा ठोकळा

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग सांडोरला झालं. घरामागे केळी, केळींच्या कडेला सिमेंटचा कोबा, कोब्यावर आमची जुनी हॅचबॅक. कमांडिंग ऑफिसर सुनीता, म्हणजे माझी बायको. जवान एकच, तोही पेन्शनर: हवालदार मधुकर, म्हणजे मी, व्हेईकल मेकॅनिक.

गाडीचे पुढचे बुश गेले होते. चाक धरून ठेवणारा जो लोअर आर्म असतो, त्याच्या टोकाला रबराचं जाड वेटोळं असतं. तो बुश. रबर झिजलं की प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या हाडांत पोहोचतो. माझी हाडं सरकारी, त्यांना चालतं. आयची नाहीत.

आय म्हणजे दत्ताची आई, अर्नाळ्याची. दत्ता माझ्या तुकडीतला, क्राफ्ट्समन, म्हणजे दुरुस्तीपथकातला शिपाई. दरवर्षी तो गेला त्या दिवशी मी तिला कामणच्या रस्त्याला घेऊन जातो. तिथे आम्ही माजी सैनिकांनी एक दगड उभा केलाय, त्यावर दत्ताचं नाव आहे. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. गोडाउनच्या ट्रकांनी उखडलेला तो रस्ता, त्यात आमची खडखडती गाडी. ती दारावरची मूठ घट्ट धरून बसली होती. घरी उतरताना म्हणाली, "मधू, पुढल्या साली मला नको नेऊ. मन येतं रे, पन हाडं ऐकत नाय."

तिच्याशिवाय त्या दगडासमोर जाऊन मी काय सांगणार होतो? म्हणून या वर्षी आदल्या दिवशी सकाळीच जॅक लावला.

"अहो, गॅरेजवाल्याला द्या ना," सुनीता म्हणाली. "मागे तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात, तेव्हापासून चटणी पाट्यावर वाटतेय मी."

"ही गाडी मीच बनवणार."

ती आत गेली. कारण तिला ठाऊक होतं. तुम्हाला सांगतो.

आमची एलएडी, म्हणजे रेजिमेंटसोबत फिरणारं छोटं दुरुस्तीपथक, तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होती. सकाळी रोल कॉल, चहा, मग दिवसभर गाड्यांखाली. गाडी तयार झाली की पहिल्या फेरीला ती दुरुस्त करणाऱ्यानेच ड्रायव्हरशेजारी बसायचं. जो बनाएगा, वो बैठेगा. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं, पण मोडण्याची हिंमत कुणाला नव्हती. मी एकदा ब्रेक बांधले आणि ऐन वेळी पोट दुखतंय म्हणालो. सुभेदारसाहेबांनी मला त्याच गाडीत बसवून दवाखान्यात पाठवलं. रस्ताभर उतार होता.

त्या दिवशी दत्ताने एका थ्री-टनर ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचे बुश बदलले. गाडीत मागे सहा जवान, पुढे ड्रायव्हर आणि दत्ता. मी बंद गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरी गाडीसोबत खाली थांबलो होतो. वायरलेस सेट माझ्यापुढे होता.

"हॅलो चार्ली, आगे पहाड़ गिरा है. कॉन्व्हॉय रुका है. ओवर."

"कोई ज़ख़्मी? ओवर."

"नहीं. चढ़ाई पे खड़े हैं. ओवर."

मग तोच आवाज, पण हळू.

"हॅलो चार्ली. एक और आया. मेकॅनिक नीचे उतरा था. ओवर."

"कौन मेकॅनिक? ओवर."

हे मी विचारलं. त्या गाडीत एकच मेकॅनिक होता.

भरलेली गाडी चढावरून मागे सरकू नये म्हणून दत्ता चाकामागे ठोकळा लावायला उतरला होता. बाभळीचा ठोकळा, दोरी बांधलेला, त्याने स्वतः तासलेला. तो लागला. त्यानंतर वरून दगड आले. सहा जवान आणि ड्रायव्हर खाली उतरून चालत आले. दत्ताला आम्ही आणलं.

तर, सांडोर. जुने बुश करवतीने कापून काढले. नवे शिकंज्यात दाबून बसवले, साबणाचं पाणी लावून, कारण तेलाने रबर सडतं. आर्म चढवले, बोल्ट घातले आणि अंगातला होता नव्हता तो जोर लावून आवळले. जॅक काढला. किल्ला जिंकल्याच्या थाटात चहाची ऑर्डर दिली.

सुनीता कप घेऊन आली आणि गाडीकडे बघत राहिली. "अहो, ही पुढून अशी सावधानमध्ये का उभी आहे?"

बघतो तर खरंच. गाडीचं नाक वर. चाकं हवेत लोंबत असताना मी बोल्ट आवळले होते. ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे मी फळ्यावर चित्र काढून पोरांना शिकवायचो. मागच्या बाकावरून दत्ता ओरडायचा, "उस्ताद, तिला आधी पायांवर उभी राहू द्या!"

पुढची चाकं जाड फळ्यांच्या उतरणीवर चढवली, मागच्यांना ठोकळे लावले, खाली शिरून बोल्ट सैल केले.

"सुनीता, आत बस. वजन पाहिजे."

"हे बरंय. एरवी भाताची मूद मोजता माझी."

ती बसली. टक् आवाज झाला, पिळलेलं रबर सुटलं, गाडी खाली बसली. मग आवळले. या वेळी मापाने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने, मर्दानगीने नाही.

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला आय दारातच उभी होती, हातात अबोली.

"येणार नाय बोलली होती ना मी?"

"बुश बदललेत, आय."

"कोनी?"

"मी."

तिने गाडीला एक चक्कर मारली. "तू बसलास आधी?"

"सांडोरवरून इथवर मीच बसून आलो."

"मंग चल. दत्ता बोलायचा, बनवनाऱ्यानं आधी बसायचं."

कामणच्या रस्त्यावर पहिला मोठा खड्डा आला. मी आरशात पाहिलं. तिचा हात मुठीकडे गेला, मध्येच थांबला, मांडीवर परत आला. पुढच्या खड्ड्याला तो उठला नाही.

दगडापाशी रस्ता जरा उताराचा आहे. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. आय उतरली, पण पुढे जाईना.

"चाकाला लाव ना काय तरी."

"हँडब्रेक आहे, आय."

ती चाकाकडेच बघत राहिली. मी डिकी उघडली. दत्ताचा पाहून मी तासलेला एक ठोकळा माझ्याकडे आहे, बाभळीचाच, दोरी बांधलेला. उताराच्या बाजूने चाकाला लावला आणि टाचेने ठोकून बसवला.

आयने दोन्ही हातांनी गाडी ढकलून पाहिली. हलली नाही.

मग ती वळली, दगडापाशी गेली आणि अबोली ठेवली. क्राफ्ट्समन दत्ताराम, व्हेईकल मेकॅनिक, गाव अर्नाळा. मी सावधान झालो आणि सॅल्यूट केला.